चार्जिंगवाले गुलाबभाऊ

गुलाबभाऊ मडावींची आणि माझी ओळख झाली, ती त्यांनी माझा चार्जर फोडला तेव्हा.

हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शेजारचा गाळा बरेच दिवस रिकामा होता. एका सकाळी तिथं टेबल आलं, दिवा आला आणि बाहेर हातानं रंगवलेली पाटी लागली : 'येथे फक्त चार्जिंगची कामे होतील.' माझा फोन तेव्हा सकाळी लावला तर दुपारच्या जेवणापर्यंत निम्मासुद्धा भरत नसे. मी चार्जर आणि वायर घेऊन शेजारी गेले.

टेबलामागे पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस बसला होता. त्यानं चार्जर तळहातावर घेतला आणि बाजारात बाया कांदे जोखतात तसा दोनदा वर-खाली केला.

"हलका हाये," तो म्हणाला. मग टेबलाखालून फुटक्या पाट्याचा एक तुकडा काढला, त्यावर माझा चार्जर ठेवला आणि मला काही कळायच्या आत हातोडी हाणली. प्लास्टिकचे तुकडे माझ्या साडीवर उडाले.

"अहो!" मी ओरडले.

"इकडं या ताई. पाहा." ते चिमट्यानं आतली पट्टी उचलून दाखवत होते. "ह्या बाजूनं भिंतीतली लाईन येते. ह्या बाजूनं तुमचा मोबाईल. मधात अंतर किती? केसाएवढं. वरतं लिहिलं तेहतीस वॅट. हा दहाबी देत नाई. अन् ज्या दिवशी हे केसाएवढं जळन, त्या दिवशी ही लाईन सरळ तुमच्या हातात."

"पण विचारायचं तरी!"

"विचारलं तं लोक घरी घेऊन जातात. मंग घरचं कोणीतरी मरते."

त्यांनी खणातून स्वतःजवळचा एक जड चार्जर काढून माझ्या हातात ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी पाय आपटत दुकानात परत आले. त्या दिवशी माझा फोन तासाभरात भरला. माझा राग मात्र आठवडाभर टिकला.

पुढची तीन वर्षं आमच्या दोन दुकानांमध्ये एक पत्र्याची भिंत होती, आणि त्या भिंतीपलीकडून हातोडीचा आवाज आला नाही असा दिवस आठवत नाही. खोटा चार्जर आला की तो फुटणारच. वायर पातळ असेल तर पक्कडीनं तिचे चार तुकडे. लोक भांडायचे, शिव्या द्यायचे, एकदोघांनी त्यांची कॉलर धरली. गुलाबभाऊ कॉलर धरणाऱ्याचं मनगट असं काही पिळायचे की तो गुडघ्यावर यायचा. आधी ते जिनिंगमध्ये प्रेसवर होते, रुईच्या गाठी बांधायचे. ते बळ हातातून गेलं नव्हतं.

त्यांच्याजवळ अंगठ्याएवढं एक मीटर होतं. वायर आणि चार्जरच्या मध्ये ते लावलं की किती करंट जातोय ते आकड्यात दिसे. तो आकडा त्यांच्या लेखी देवाचा कौल. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, मोबाईलच खराब हाये, बॅटरी बदला." गुलाबभाऊ मीटर लावून एकामागून एक तपासत जायचे. आधी चार्जर बदलून आकडा बघायचे, मग वायर बदलून, मग फोनचं तोंड साफ करून. "तिघं हायेत," ते सांगायचे. "चार्जर, वायर अन् पोर्ट. वरातीत एक जण लंगडा असला तं सारी वरात त्याच्याच चालीनं चालते. तुम्ही घोड्याले कायले मारून राह्यले?"

भारी चार्जर आणूनही फोन हळू भरतो अशी तक्रार घेऊन एक शिक्षक आले होते. त्यांना म्हणाले, "मास्तर, मोबाईल आधी विचारते, मले इतकं देशील काय? चार्जर त्याच्याच भाषेत 'हो' म्हणाला तं जोरात देते. नाई तं दोघंबी गुमान बसतात अन् थेंब थेंब चालते. माझी आजी तहसीलमधी गेली का असंच व्हाये. तिले मराठी नाई ये, सायबाले गोंडी नाई ये." शिक्षक हसले. गुलाबभाऊ हसले नाहीत. हसताना मी त्यांना फार पाहिलंच नाही.

मी फोन कम्प्युटरच्या पोर्टला लावून ठेवते हे त्यांना दिसलं, तेव्हा आत येऊन त्यांनी वायर सरळ उपटली. "ताई, ह्या भोकातून जेवढं येते तेवढ्यात उंदराचं पोट भरणार नाई. भिंतीले लावा."

पण त्यांचं खरं काम कापसाचं. हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर हवेतच रुई असते. भुवयांवर बसते, चहात पडते. मजुरांच्या खिशातल्या फोनमध्ये ती रोज थोडी थोडी शिरते, आणि वायर खुपसली की आत दाबली जाते. सहा महिन्यांत त्या एवढ्याशा भोकाच्या तळाशी लोकरीच्या नमद्यासारखा थर बसतो. वायर लागल्यासारखी वाटते, पण पुरती बसत नाही. गुलाबभाऊ फोन बंद करायचे, बांबूची बारीक काडी घ्यायचे, श्वास रोखायचे आणि तो थर अख्खा बाहेर काढायचे. इतका तापट माणूस त्या वेळी सुईणीसारखा हळुवार व्हायचा. कुणी त्यांच्यासमोर सेफ्टी पिन काढून पोर्टमध्ये घातली, तर मात्र मनगटावर पक्कड बसायची. एका तरुण हमालाच्या मनगटाचं कातडं निघालं होतं. तो रडवेला होऊन माझ्या दुकानात आला, मी हळद लावली. पलीकडून गुलाबभाऊ ओरडत होते, "रडू दे त्याले! आतल्या पिना एकमेकीले भिडल्या असत्या तं आग लागली असती!"

मी एकदा स्पष्टच म्हणाले, "भाऊ, तुमचं सगळं बरोबर असतं. पण मारता कायले?"

ते मीटर पुसायला लागले. "सांगितलेलं लोकाले आयकू येत नाई, ताई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात रस्त्याच्या टोकाला भाजी विकणाऱ्या म्हातारीला शॉक बसला. फोन चार्जिंगला असताना तिनं ओल्या हातानं उचलला. फेकली गेली, डोकं ओट्यावर आपटलं, तळहात भाजून काळा पडला. जीव मात्र वाचला. गुलाबभाऊंनी तिच्या घरून चार्जर आणला, फोडला, आणि आतली पट्टी बघून दुकानाचं शटर ओढलं. मला वाटलं घरी निघाले. पण ते वळले बाजारातल्या एका घाऊक दुकानाकडे. असला हलका माल तिथूनच गावात जायचा.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण मी त्यांच्या मागे धावले. त्यांनी दुकानात शिरून चार्जरची खोकी रस्त्यावर ओतली आणि त्यांच्यावर नाचल्यासारखे पाय हाणू लागले. पायाखाली प्लास्टिक कडाकडा फुटत होतं. मालक ओरडत आला. गुलाबभाऊंनी त्याच्या तोंडासमोर ती काळी पडलेली पट्टी धरली.

"हात लाव ह्याले! भिंतीत लावतो, तू हात लाव!"

मालकानं ढकललं. गुलाबभाऊंनी त्याच्या नाकावर बुक्की मारली. रक्ताची चिळकांडी काऊंटरवरच्या काचेवर उडाली. मग दुकानातली तीन माणसं बाहेर आली. एकाच्या हातात शटर ओढायची लोखंडी सळई होती. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा उजव्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडल्यासारखा आला. ते खाली पडले तरी लाथा थांबत नव्हत्या. मी मध्ये पडून किंचाळत होते, गर्दी नुसती बघत होती. तोंडात रक्त आलेलं असतानाही गुलाबभाऊ एकेक चार्जर हाताला लागेल तसा दगडावर आपटत होते.

दवाखान्यात खांदा बांधला. तिसऱ्या दिवशी गळ्यात झोळी अडकवून दुकानात हजर. डाव्या हातानं हातोडी नीट बसत नव्हती, म्हणून फोडताना दोनदा स्वतःच्याच अंगठ्यावर घाव घातला. त्या दुकानात काही दिवस तो माल दिसला नाही. मग पुन्हा दिसायला लागला.

तिसऱ्या वर्षीच्या हंगामात नंदा आणि तिचा नवरा आले. नंदा मला माहीत होती. कसल्याशा योजनेचा फॉर्म भरायला ती आधी माझ्याकडे आली होती, तेव्हा तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता. मी फॉर्मवर तिचं नाव, वय, गाव लिहिलं. डोळ्याचं विचारलं नाही. हे मी इथं लिहून ठेवते, कारण गुलाबभाऊंबद्दल बोलताना माझा मोठेपणा मिरवणं बरोबर नाही.

त्या दिवशी तिचा ओठ फाटलेला होता. नवरा जिनिंगमध्ये प्रेसवर होता, फोन त्याच्या हातात होता. मी गुलाबभाऊंना लाईट बिलाची झेरॉक्स द्यायला गेले होते, तिथंच उभी राहिले.

"पाहा बरं भाऊ," नवरा म्हणाला. "संध्याकाळी आल्याबरोबर लावतो, सकाळी पाहतो तं चाळीस. मी झोपलो का ही बोलत असते कोणासंगं तरी. बॅटरी कुठं जाते मंग?"

नंदा खाली बघत होती.

गुलाबभाऊंनी मीटर लावलं. आकडा जवळजवळ शून्यावर होता. वायर बदलली, थोडा हलला. मग फोन बंद केला, काडी घेतली आणि पोर्टमधून रुईचा करडा थर काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. पुन्हा मीटर लावलं. आकडा झपकन वर गेला.

"पाह्यलं?" ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "वायर आतून तुटेल होती. अन् हा कापूस तुझ्या खिशातला. तुझी बायको कोणासंगं बोलत नोती."

नवऱ्यानं आकड्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि तो हसला. खरंच हसला. "म्हणजे फुकटचाच मार खाल्ला म्हणा ना तिनं. जाऊ द्या, पुढच्या खेपेचा ॲडव्हान्स झाला."

मी गुलाबभाऊंचा चेहरा बघितला आणि "भाऊ, नको" म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. एका हातानं त्या माणसाचं मनगट धरलं, पंजा पाट्याच्या तुकड्यावर दाबला आणि दुसऱ्या हातानं हातोडी उचलली. नवरा अजून हसतच होता, त्याला थट्टा वाटली असावी. हातोडी त्याच्या दोन बोटांवर पडली.

ती किंकाळी मला अजून ऐकू येते. तो जमिनीवर लोळत होता, बोटं भलत्याच दिशेला वळली होती, पाट्यावर रक्त होतं. गुलाबभाऊंनी हातोडी पुन्हा उचलली. तेवढ्यात नंदानं पायातली चप्पल काढली आणि गुलाबभाऊंच्या तोंडावर मारली. एकदा नाही. कपाळावर, गालावर, डोळ्यावर, जिथं लागेल तिथं.

"तुमाले कोणी सांगतलं होतं? कोणी सांगतलं होतं? आता हा हात घेऊन तो घरीच बसन ना! दिवसभर माझ्याच पुढं बसन! मारणाराच मारणाऱ्याले शिकवते काय?"

गुलाबभाऊंच्या हातातून हातोडी गळून पडली. त्यांनी चेहऱ्यासमोर हातही धरला नाही. ती थकेपर्यंत मारत राहिली, मग नवऱ्याशेजारी बसून तिनं त्याचा हात पदरात गुंडाळला.

लोकांनी नवऱ्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. नंदा बरोबर गेली. कुणीतरी पोलिसांना फोन केला. गुलाबभाऊ कुठं पळाले नाहीत, बाकावर बसून राहिले. भुवई फाटून रक्त गळत होतं. मी पाणी आणि ओला रुमाल दिला. रुमाल त्यांनी मांडीवर ठेवला.

"ताई, मले एक पोरगी हाये," ते म्हणाले. "सरिता."

तीन वर्षांत मुलीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"ती चौदाची होती. मी प्रेसवर होतो. मुकादम सकाळी फोन करे, कामावर बोलवे. त्या दिवशी मोबाईल बंद पडला, मुकादमानं दुसऱ्याले घेतलं. मी म्हटलं, हीच खेळत बसली असन त्याच्यावर. ती म्हणे, बाबा, मी हात नाई लावला. देवाशपथ म्हणे. मी मारली कानाखाली. या हातानं. हा प्रेसवाला हात. पोरगी भिंतीवर जाऊन पडली. कानातून पाणी आलं, मंग रगत. डॉक्टर म्हणाला, पडदा गेला, आतलीबी नस गेली. डाव्या कानानं आता काईच नाई."

मी त्यांच्या मांडीवरचा रुमाल उचलून भुवईवर धरला.

"पंधरा दिवसानं मोबाईल दुकानात नेला. त्या पोट्ट्यानं आतून कापूस काढला. एवढासा. म्हणे, काका, हे पाहा, हे होतं. माझ्याच खिशातला कापूस, ताई. तेव्हापासून मी शर्टाले खिसा ठेवत नाई."

मी त्यांच्या शर्टाकडे बघितलं. खिसा उसवून काढल्याची शिवणीची चौकट तिथं होती. तीन वर्षं रोज समोर होती, पण मला ती कधी दिसली नव्हती.

पोलीस आले. गुलाबभाऊंनी सांगितलं, "हो, मीच मारलं. दुसरं मारणार होतो, बाई मधात आली म्हणून राह्यलं." त्यांनी लिहून घेतलं आणि गाडीत बसवलं.

दुकान आवरायला सरिता आली. एकवीस-बावीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची. समुद्रपूरच्या एका शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करते म्हणाली. मी तिच्या डाव्या बाजूनं काहीतरी विचारलं, तिला कळलंच नाही. मग माझ्या सावलीकडे बघून ती वळली.

"या बाजूनं बोला, मावशी."

ती चार्जर, वायरी, मीटर एका पोत्यात भरत होती. मी विचारलं, "बाबांना भेटलीस का?"

"ठाण्यात रोज डबा देते."

"मग राग गेला म्हणायचा."

"नाई, मावशी. माफ नाई केलं म्या त्याईले. डबा येगळा, माफी येगळी." पाट्याचा तुकडा आणि हातोडी बघून तिनं विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. तिनं दोन्ही उचलून मागच्या नालीत टाकले.

नंदा दोन महिन्यांनी माझ्याकडे आली. मी तिला आधी बसवलं, पाणी दिलं आणि या वेळी विचारलं. ती सपाट आवाजात म्हणाली, "त्याचा उजवा हात अजून प्लास्टरमधी हाये. डाव्यानं मारते आता." मग ग्लास खाली ठेवून : "तुम्हाले लिवता येते ना? अर्ज लिवून द्या ठाण्याचा. मी सांगतो तसा." मी लिहिला. तिनं एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही, लपवलीही नाही. तारखेचा घोळ झाला तिथं मला थांबवून दुरुस्त करायला लावलं. तिच्याबरोबर मी ठाण्यात गेले. आता ती माहेरी, भावाजवळ राहते. गुलाबभाऊंबद्दल मी विचारलं तर म्हणाली, "त्याईनं माझ्यासाठी नाई मारलं, ताई. त्याईनं स्वतःसाठी मारलं."

गुलाबभाऊ जामिनावर सुटले, पण दुकानात परत आले नाहीत, समुद्रपूरला मुलीकडे गेले. शेजारच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. काम नसेल तेव्हा तिथं गाणी वाजतात. अजूनही कुणीतरी लांबून येतं, गळाठलेला फोन दाखवतं आणि विचारतं, "ते मारके भाऊ कुठं गेले?" मी समुद्रपूरकडे बोट दाखवते.

परवा नागपूरची गाडी पकडायला मी हिंगणघाटच्या बसस्टँडवर उभी होते. कोर्टाची तारीख आटोपून बापलेक परत निघाले होते. समुद्रपूरची बस समोर लागली होती, आणि खिडकीशी गुलाबभाऊ बसलेले दिसले. वाळले होते. भुवईवर व्रण होता. शेजारी सरिता बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. मी हाक मारणार होते, पण त्यांचं बाहेर लक्षच नव्हतं. ते मुलीकडे वळून बोलत होते. ओठ भराभर हलत होते, मधूनच थांबत होते, डोळे पुसून पुन्हा हलत होते. तीन वर्षांत माझ्याशी ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते. ती समोर बघत होती. कंडक्टरनं घंटी दिली, बस निघाली, आणि फाटकातून वळेपर्यंत ते बोलतच होते.